चाकणची नोकरी सोडून गेट द्यावी का? डिसेंबरात २६ पूर्ण होतात

भोसरीकर_मेक

मंडळी, सरळ सल्ला हवाय. घरात विषय काढला की भांडण होतं आणि कंपनीत विचारायची सोय नाही.

मी मेकॅनिकल. आधी डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर, डिग्रीला ७.४ सीजीपीए. चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडून गाड्यांचे ब्रॅकेट आणि छोटे प्रेस पार्ट जातात. काम काय, तर इन्स्पेक्शन रिपोर्ट भरायचे, कस्टमरकडे रिजेक्शन निघालं की तिथे जाऊन उभ्याउभ्या सॉर्टिंग करून घ्यायचं, आणि परत आल्यावर एट-डी, म्हणजे दोष का आला आणि काय उपाय केला याचा रिपोर्ट लिहायचा. त्यात मूळ कारण दर वेळी 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' हेच निघतं. हातात २६ हजार येतात. कंपनीची बस आहे, पण तळेगाव चौकात अडकली की घरी पोचेपर्यंत जेवायचंही त्राण राहत नाही.

वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झाले, गट क मधून. ते रोज जेवताना एकच सांगतात, सरकारी बघ. आई म्हणते आहे ते सोडू नकोस. कॉलेजमधला एक मित्र गेटवरून (इंजिनिअरिंगची देशपातळीवरची परीक्षा, तिच्या मार्कांवर सरकारी कंपन्या बोलावतात) रिफायनरीत लागला, तेव्हापासून माझंही डोकं तिकडे लागलंय.

विचारायचं असं की पुढच्या फेब्रुवारीच्या गेटसाठी आत्ता राजीनामा द्यावा का? डिसेंबरात २६ पूर्ण होतात, मग उशीर झाला का? क्लास लावावा की घरी बसून होतं? आणि जाता जाता, आम्ही राज्यात एनटी-सी. केंद्रात एनटी नसते असं तो मित्र म्हणाला, त्यामुळे फॉर्ममध्ये ओपनच टाकणार आहे. बरोबर ना?

खुर्ची_नंबर_१४

भाऊ, मी नवी पेठेतल्या अभ्यासिकेतून लिहितोय. परीक्षा माझी वेगळी, एमपीएससी, पण राजीनाम्याबद्दल बोलायचा हक्क आहे.

सोडू नकोस. नोकरी सोडल्यावर पहिला महिना छान जातो. मग कॉट बेसिसचं भाडं, मेस, अभ्यासिकेची फी, दर आठवड्याला अप्पा बळवंत चौकातून आणलेलं एखादं नवीन पुस्तक. घरून पैसे मागवताना आवाज बदलायला लागतो. इथे माझ्या रांगेत एक इंजिनिअर आहे. सकाळी सहाला येऊन जागा धरतो आणि नऊपर्यंत चहाच्या टपरीवर कटऑफची चर्चा करतो. चर्चेत त्याचा हात कोणी धरू शकत नाही.

तू भोसरीत घरी राहतोस, आई जेवायला वाढते. निम्म्या पुण्याला हे मिळत नाही. क्लासचं मला कळत नाही, ते दुसरं कोणी सांगेल.

बॉयलरवाली

भोसरीकर, मी निगडीची. मेकॅनिकलच, आणि गेटवरूनच एका केंद्रीय वीज कंपनीत लागले. नाव लिहीत नाही, आमच्यातले बरेच लोक असे धागे वाचतात. पोस्टिंग सिंगरौलीच्या कोळसा पट्ट्यात, बॉयलर मेंटेनन्सला.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. तू तो 'जाता जाता' लिहिलायस, पण बाकीच्या सगळ्याची किल्ली तिथेच आहे. एनटी, व्हीजे या आपल्या राज्याच्या वर्गवाऱ्या, केंद्रात त्या नाहीत, हे खरं. पण म्हणून तू ओपन होत नाहीस. राज्यात एनटीत असलेल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर राज्यवार यादी आहे. महाराष्ट्र उघड आणि तुझी जात कुठल्या स्पेलिंगने दिली आहे तेही बघ. दाखल्यावर तेच स्पेलिंग असलेलं बरं. जात यादीत असेल तर तहसीलमधून नॉन-क्रीमी लेयरचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात काढ. राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही. मुलाखतीच्या दिवशी कागद तपासणीच्या टेबलावरून परत गेलेली मुलं मी पाहिली आहेत. मार्क होते, पुण्याहून दिल्लीला आले होते, आणि हातातला दाखला राज्याचा होता.

नॉन-क्रीमी लेयरच्या ८ लाख उत्पन्नाच्या मर्यादेचीही अनेकांना उगीच भीती असते. केंद्राच्या नियमात त्या ८ लाखांत आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. नोकरदार पालकांचं पद बघतात, आणि तुझे वडील गट क. त्यामुळे बहुधा अडचण नाही, पण खिडकीवरचा माणूस हे आपणहून सांगेल अशी आशा ठेवू नकोस. जाताना नियम वाचून जा.

(इतर वाचणाऱ्यांसाठी: राज्याचं एसईबीसी केंद्रात चालत नाही. तिथे निकष बसत असतील तर ईडब्ल्यूएस, आणि त्यात शेतीचं उत्पन्न धरतात, शिवाय ५ एकर किंवा जास्त शेतजमीन असली तर बाद.)

याचा वयाशी संबंध असा. ओपनला अणुऊर्जा महामंडळ म्हणजे एनपीसीआयएल २६ पर्यंत घेतं, भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणजे बीएआरसी २६, एनटीपीसी २७, पॉवरग्रिड २८, यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस ३०. ओबीसी नॉन-क्रीमी लेयरला या सगळ्यांत तीन वर्षं वाढवून मिळतात. बहुतेक कंपन्या वय अर्जाच्या शेवटच्या तारखेला मोजतात, आणि जाहिराती निघतात निकालानंतर, म्हणजे मार्चच्या पुढे. तोपर्यंत तू २६ ओलांडलेला असशील. ओपन टाकलंस तर पहिली दोन दारं तू स्वतःच्या हाताने बंद करतोयस, आणि तिसऱ्याला जेमतेम एक संधी. ओबीसी असशील तर तीन वर्षं निवांत हातात आहेत. एका दाखल्याने एवढा फरक पडतो आणि तू क्लासचं विचारत बसलायस!

आता राजीनामा. आत्ता देऊ नकोस. फॉर्म ऑगस्टअखेर-सप्टेंबरात सुटतो, तो भर. या रविवारी मागच्या कुठल्याही वर्षाचा मेकॅनिकलचा पूर्ण पेपर घे, तीन तास लावून बस, ६५ प्रश्न, १०० मार्क. हातातला कॅल्क्युलेटर घेऊ नकोस. परीक्षेत स्क्रीनवरचा माउसने दाबायचा असतो आणि त्याची सवय नसेल तर साधा भागाकारही जीव खातो. अभ्यास न करता जे मार्क पडतील ते इथे येऊन सांग, लाजू नकोस. मग ठरवू.

पेपरबद्दल थोडं. १५ मार्क जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे, १३ च्या आसपास गणिताचे. म्हणजे इंजिनिअरिंगचं पुस्तक न उघडता २८ मार्कांचा पेपर आहे, आणि नोकरी करणारी मुलं नेमका हाच भाग 'नंतर बघू' म्हणून ठेवतात. तुझ्या बसच्या तासाभरात अ‍ॅप्टिट्यूड होतं. मॅन्युफॅक्चरिंग, मेट्रॉलॉजी, फिट्स-टॉलरन्स तुझ्या रोजच्या हातातलं आहे, डिप्लोमावाल्यांचं ते पक्कंही असतं. तुझी दमछाक गणितात आणि फ्लुइडमध्ये होईल, कारण डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्यांची फर्स्ट इयरची मॅथ्स कच्ची राहते. कॉलेजात माझ्या शेजारी बसायची ती मैत्रीण अशीच होती. तिने आधी सहा आठवडे फक्त मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन आणि प्रोबॅबिलिटी केली आणि मगच थर्मोला हात लावला. उत्तराचा आकडा टाइप करायचा असतो त्या प्रश्नांना निगेटिव्ह नाही, एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असतात त्यांनाही नाही. साध्या पर्यायांना मात्र एक मार्काला एकतृतीयांश आणि दोन मार्काला दोनतृतीयांश कापतात.

क्वालिफाय होणं आणि कॉल येणं यात फार अंतर आहे, हेही डोक्यात ठेव. स्कोअर हजारात देतात. क्वालिफायिंग मार्कांना ३५० धरतात आणि सगळ्यात वरच्या मुलांच्या सरासरीला ९००, बाकीचे त्या पट्टीवर. आमच्या बॅचमधले ओपनचे बहुतेक जण शंभरात सत्तरीच्या पुढचे होते. स्कोअर तीन वर्षं वैध असतो हे कागदोपत्री. कंपन्या साधारण जाहिरातीत लिहिलेल्या वर्षाचाच घेतात. एनपीसीआयएलने दोन-तीन वर्षांचे स्कोअर मागितल्याच्या जाहिराती आहेत, पण तिथे गेट फक्त बोलावण्यापुरती. अंतिम निवड निव्वळ मुलाखतीवर. पॉवरग्रिडला उलट, गेटला ८५ टक्के वजन. (पॉवरग्रिड मेकॅनिकलला फारसं विचारत नाही, ते इलेक्ट्रिकलवाल्यांचं माहेर.) म्हणून आधी जाहिराती वाच, मग पुस्तकं. तेलकंपन्यांतही काही जण गेट सोडून स्वतःची परीक्षा घेतात, हे वर्षागणिक बदलतं.

आणि आता तुझ्या वडिलांनी विचारलेलं नाही, मित्राने सांगितलेलं नाही, ते.

आमच्याकडे काम कसं असतं सांगते. बॉयलरच्या हजारो नळ्यांपैकी एखादीला भोक पडतं. पहिल्यांदा कळतं ते पाण्याच्या हिशोबावरून, मेकअप पाणी, म्हणजे कमी झालेलं भरून काढायला घालतात ते, वाढायला लागतं. मग कान लावला की सूं असा आवाज. युनिट उतरवायचं, पंखे चालू ठेवून भट्टी थंड करायची, मॅनहोल उघडून आत परांचा बांधायचा, फुटलेली नळी शोधायची. तिची वाफ शेजारच्या दोन-चार नळ्यांना पण घासून पातळ करून ठेवते, त्या पण काढायच्या. वेल्डर परवान्याचा लागतो, प्रत्येक जोडाची रेडिओग्राफी, मग हायड्रो टेस्ट, मग लाइट-अप. ५०० मेगावॉटचं युनिट दिवसभर बंद म्हणजे १ कोटी २० लाख युनिट वीज गेली. त्यामुळे सगळ्यांचे फोन तुलाच. दिवाळी, लग्न, ताप, काही सांगायचं नाही. मी आत शिरते तेव्हा कंत्राटदाराची माणसं अजूनही एकमेकांकडे बघतात, मॅडम खरंच आत येणार का म्हणून. येते.

मला हे काम आवडतं. तुझ्या एट-डीपेक्षा एक गोष्ट इथे बरी आहे. नळी फुटली तर का फुटली हे खरंच शोधावं लागतं. नळीचा तुकडा कापून लॅबला जातो, आणि तिथे 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' लिहून चालत नाही. पण हे पुण्यात होत नाही. टाउनशिप असते, क्वार्टर, शाळा, दवाखाना, क्लब, सगळं कुंपणाच्या आत. बाहेर हिंदी. घरी यायचं तर गाडी बदलून यायचं, आणि एक दिवसाची रजा घेऊन काही साधत नाही. महाराष्ट्रात आमच्या कंपनीची केंद्रं आहेत, पण मागून मिळतात असं नाही. तुझ्या मित्राची रिफायनरी मुंबईत असेल तर तो नशीबवान, मथुरा-पानिपत-बरौनी पण रिफायनऱ्याच आहेत.

पगार: ट्रेनिंगला कंपनीप्रमाणे ४०,००० किंवा ५०,००० बेसिक, त्यावर महागाई भत्ता, आणि बेसिकच्या ३५ टक्क्यांपर्यंत इतर भत्ते. राहायला क्वार्टर. तुझ्या २६ हजारांशी तुलना करायला नको. ट्रेनिंगनंतर काही वर्षं थांबण्याचा बाँड असतो, रक्कम जाहिरातीत असते.

वडिलांना एवढं सांग की 'सरकारी' म्हणजे ते म्हणतात ती पेन्शन यात नाही. ती केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना नाही, राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर. आणि त्यांचा स्वतःचा कारखानाही १ ऑक्टोबर २०२१ पासून कंपनी झालाय, म्युनिशन्स इंडिया, मुख्यालय तिथेच खडकीला. त्यांच्या डोळ्यांपुढे जी नोकरी आहे ती आता त्यांच्या गेटच्या आतही नव्याने मिळत नाही.

क्लास: गणितासाठी लावायचा तर लाव, बाकी एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. क्लासपेक्षा टेस्ट सिरीजवर पैसे घाल.

यांत्रिकी_उपविभाग

ताईंनी केंद्राचं सगळं सांगितलं, मी राज्याचं दोन ओळीत सांगतो. मी जलसंपदाच्या यांत्रिकी विभागात आहे. धरणाचे दरवाजे, गॅन्ट्री, पंप ही आमची दुनिया. पावसाळ्यात झोप नाही, उन्हाळ्यात दुरुस्तीची घाई.

राज्यात ओपनला वय ३८ पर्यंत, मागासवर्गाला ४३, त्यामुळे तुला घाई नाही. पण मेकॅनिकलच्या जागा स्थापत्यच्या मानाने अगदीच थोड्या निघतात, आणि कधी निघतील त्याचा नेम नाही. महानिर्मिती मेकॅनिकलला घेते, तिची औष्णिक केंद्रं कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, परळी, भुसावळ, नाशिक. पुण्याजवळ एकही नाही, पण निदान बोली आपली.

एक राहिलं. डिप्लोमा आहे म्हणून एसएससीची (दहावी नव्हे, केंद्राचं स्टाफ सिलेक्शन कमिशन) ज्युनिअर इंजिनिअर परीक्षा विसरू नकोस. डिग्रीवालेही देतात. लेव्हल ६, ३५,४०० बेसिक, बऱ्याच खात्यांना ३० पर्यंत वय. त्यातून एमईएस (लष्कराचं बांधकाम-देखभालीचं खातं) मिळालं तर खडकी-देहूरोड-लोहगाव हा सगळा लष्करी पट्टा तुझ्या घराजवळचा. मिळेलच असं नाही, पसंतीक्रम आणि मेरिट. अधिकारीपदाचा मान नाही, पण घरचं जेवण आहे. ते किती मोठं आहे ते चाळिशीत कळतं.

खुर्ची_नंबर_१४

दादा, 'घरचं जेवण' वाचून मेसची डाळ ताटात तशीच राहिली.

भोसरीकर_मेक

ताई, दादा, खूप आभार. यादी बघितली, आमची जात आहे. मित्राला फोन करून शिव्या दिल्या.

रविवारी पेपर दिला. ३१ पडले. अ‍ॅप्टिट्यूडमध्ये १५ पैकी ११ आणि मॅन्युफॅक्चरिंग बरंच आलं. गणितात दोन मार्क. फ्लुइडचे प्रश्न वाचून सोडून दिले. स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरचं तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के खरं, साइन काढताना डिग्रीऐवजी रेडियन राहिलं आणि दोन उत्तरं गेली.

वडिलांना पेन्शनचं सांगितलं. ते म्हणाले, मला माहीत होतं, पण तू बॉयलरमध्ये शिरणार आहेस का ते आधी सांग. मी हो म्हणालो. आई म्हणाली आधी चहाचा कप उचल.

नोकरीचं मात्र अजून ठरत नाही. ३१ हे बरे की वाईट?

बॉयलरवाली

शून्य अभ्यासावर ३१ बरे आहेत. पंधरा असते तर सांगितलं असतं की या वर्षी फक्त अंदाज घे.

माझं मत असं: दिवाळीपर्यंत नोकरीत राहा. तोपर्यंत गणित आणि फ्लुइड-थर्मो एवढंच, बाकी कशाला हात लावू नकोस. जे येतं तेच परत परत करायचा मोह होतो, कारण बरं वाटतं. दिवाळीत दुसऱ्या वर्षाचा पूर्ण पेपर दे. ५० च्या वर गेलास तर नोटीस पिरियड मोजून राजीनामा दे आणि डिसेंबर-जानेवारी पूर्ण वेळ बस. त्या दोन महिन्यांत पन्नासाचे पासष्ट होतात, पण त्यासाठी डोकं ताजं लागतं, तळेगाव चौकातून आलेलं चालत नाही. ५० खाली राहिलास तर नोकरी सोडू नकोस. गेट दे, एसएससीचा फॉर्म भर, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. दाखला असेल तर वय तुझ्या बाजूने आहे.

नोटीस पिरियड तुझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघ. व्हेंडर कंपन्यांत कधीकधी तो तीन महिन्यांचा असतो आणि कोणी वाचलेला नसतो. तसं असेल तर दिवाळीचा हिशोब आधी आण.

दोन कागद मात्र याच महिन्यात. केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर, त्याला वडिलांची शेवटची नेमणूक कोणत्या गटातली होती याचं पत्र लागलं तर ते कारखान्यातून आणावं लागेल, म्हणून त्यांना आत्ताच कामाला लाव. दुसरं, सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर केल्याचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र. जाहिरातीत ६० किंवा ६५ टक्क्यांची अट असते आणि कंपनी स्वतःचं गणित करत बसत नाही, कागद मागते. ७.४ वर तू अटीच्या बराच वर असशील असं धरू नकोस, सूत्र लावून आकडा बघ.

भोसरीकर_मेक

अपॉइंटमेंट लेटर काढलं. दोन महिने आहे, म्हणजे दसऱ्यानंतर लगेच पेपर द्यावा लागेल. वडील उद्या सकाळी जुन्या ऑफिसात जातायत पत्रासाठी, आजच बूट पुसून ठेवलेत. एसएससीचा सिलॅबस कुठला वाचायचा, दादा? डिप्लोमाची पुस्तकं माळ्यावर आहेत, ती चालतील का?

यांत्रिकी_उपविभाग

चालतील. थिअरी तेवढीच आहे, फक्त जुने पेपर सोबत ठेव. आणि त्यात सामान्य ज्ञान पण असतं, ते खुर्ची १४ ला विचार.